धावताना छातीत कळ येते तेव्हा

कोकणात अंग मोडून जोर लावायची कामं पावलोपावली आहेत. शिमग्यात पालखी नाचवायची, रापणीचा दोर ओढायचा, चिरेखाणीतले दगड गाडीत चढवायचे, आंब्याच्या दिवसांत झेला घेऊन झाडावर चढायचं, संध्याकाळी कबड्डी. अशा वेळी एखादा वीस वर्षांचा मुलगा ऐन भरात थांबतो, छातीवर हात दाबतो, "आवळल्यासारखं होतंय" म्हणतो आणि पाच मिनिटं बसला की पुन्हा ठणठणीत होतो. घरी कळलं तर आई म्हणते, "पित्त झालं असेल, कोकम सरबत घे." गावातल्या दवाखान्यात ईसीजी निघतो, नॉर्मल येतो आणि विषय तिथेच मिटतो. हा लेख त्या मिटलेल्या विषयाबद्दल आहे.

आधी घाबरलेल्यांसाठी. मुलांच्या आणि तरुणांच्या छातीत दुखतं तेव्हा बहुतेक वेळा हृदयाचा काही संबंध नसतो. बोटाने दाबल्यावर नेमक्या एका जागी दुखतं, दीर्घ श्वासाबरोबर सुई टोचल्यासारखं होतं, काही सेकंदांत येतं-जातं, नुसतं बसलेलं असतानाही होतं, अशी दुखणी बरगड्यांच्या सांध्यांची, स्नायूंची किंवा आम्लपित्ताची असतात. वेगळी काढायची ती एकच जात: जोर टिपेला असताना येणारी, थांबल्यावर ओसरणारी, मधोमध दाबल्यासारखी किंवा आवळल्यासारखी कळ. तिच्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा धावता-धावता शुद्ध हरपून माणूस कोसळला, तर प्रकरण त्याहून गंभीर. खेळ संपल्यावर उन्हात उभं राहून घेरी येणं वेगळं. धावत असतानाच पाय लटके पडणं हे दुसरं कारण सापडेपर्यंत हृदयाचंच समजायचं.

अशा कळेमागे हृदयाच्या स्नायूचे किंवा झडपांचे आजार असू शकतात. पण ज्याच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते कारण म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांची जन्मापासूनची चुकलेली ठेवण. कोलेस्टेरॉल, साखर, तंबाखू यांचा तिच्याशी संबंध नाही. धमनी आतून स्वच्छ असते, फक्त तिचं तोंड भलतीकडे असतं.

रचना समजून घेतली की पुढचं सगळं सोपं जातं. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या बुडाशी, झडपेच्या लगेच वर, तीन फुगीर कप्पे असतात. डाव्या कप्प्यातून डावी कोरोनरी निघते आणि तिचे लगेच दोन फाटे होतात: एक हृदयाच्या पुढच्या बाजूने उतरतो, दुसरा डावीकडून मागे वळतो. उजव्या कप्प्यातून उजवी कोरोनरी निघते. तिसऱ्या कप्प्यातून काही निघत नाही. पोफळीच्या बागेत विहिरीवरून दोन पाट काढावेत आणि त्यांच्यावर सगळ्या आळ्यांची तहान भागावी, तसं हे आहे. विश्रांतीच्या वेळी या धमन्यांतून मिनिटाला साधारण पाव लिटर रक्त वाहतं. भरपूर श्रमात ते चार-पाच पट व्हावं लागतं.

इथे हृदयाचा एक स्वभाव आडवा येतो. पायाचा स्नायू श्रम वाढल्यावर आहे त्याच रक्तातून जास्त ऑक्सिजन काढून घेऊ शकतो. हृदय बसल्या जागीच रक्तातला सत्तर-पंचाहत्तर टक्के ऑक्सिजन काढून घेत असतं, त्यामुळे त्याच्याकडे शिल्लक फारशी नसते. जास्त हवं तर जास्त रक्तच आलं पाहिजे. त्यातून हृदयाच्या डाव्या बाजूच्या मुख्य पंपाच्या जाड स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः हृदय सैल पडतं तेव्हा, आकुंचनाच्या वेळी नव्हे. नाडी ६० असताना एका ठोक्याला पूर्ण सेकंद मिळतो आणि त्यातला दोन-तृतीयांश वेळ स्नायू सैल असतो. नाडी १८० झाली की ठोका एक-तृतीयांश सेकंदाचा होतो आणि त्यातला निम्म्याहून कमी वेळ पुरवठ्याला उरतो. मागणी पाचपट आणि पाणी सोडायची वेळ अर्ध्यावर. तोंड रुंद आणि वाट सरळ असेल तर निरोगी हृदय हे लीलया पार पाडतं.

आता धोक्याची ठेवण कोणती ते पाहू. डावी कोरोनरी उजव्या कप्प्यातून निघते, किंवा उजवी डाव्यातून, आणि आपल्या बाजूला पोचण्यासाठी महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांच्या मधल्या फटीतून जाते. पूर्वी सरळ समजूत होती की श्रमात दोन्ही मोठ्या धमन्या फुगतात आणि मधलीला चिमटतात. थोडंफार तसं होतही असेल, पण खरी अडचण उगमापाशीच असते. चुकलेल्या जागेहून निघालेली धमनी पहिले काही मिलिमीटर महाधमनीच्या भिंतीच्या आतूनच तिरकी सरकते. तिचं तोंड गोल राहत नाही, काजू चिरावा तशी अरुंद चीर होते. निघतानाचा कोनही इतका तिरका की तोंडावर भिंतीचाच पडदा येतो. श्रमात रक्तदाब वाढून महाधमनीची भिंत ताणली गेली की भिंतीतला तुकडा चपटा होतो, चीर आणखी मिटते. सारवलेल्या कडेतून गेलेल्या मऊ पाइपवर पाय पडावा, तसं. आणि हे घडतं नेमकं तेव्हा, जेव्हा हृदयाला सगळ्यात जास्त रक्त हवं असतं. घरी झोपलेल्या माणसाला काहीच होत नाही.

या दोन ठेवणींत उजवी कोरोनरी डावीकडून निघणं जास्त वेळा सापडतं आणि बऱ्याच जणांना आयुष्यभर त्रास देत नाही. डावी उजवीकडून निघणं दुर्मीळ, पण तरुण वयातल्या अचानक मृत्यूंत तिचाच वाटा मोठा. कारण उघड आहे: डावीवर हृदयाच्या मुख्य पंपाचा बहुतेक भाग अवलंबून असतो.

सगळ्याच चुकलेल्या वाटा घातक नसतात, आणि हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं. अँजिओग्राफी (धमन्यांत डाय, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारा द्रव, सोडून काढलेलं चित्र) केलेल्या सुमारे सव्वा लाख लोकांच्या नोंदी अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकमधून १९९० साली प्रसिद्ध झाल्या. त्यांत १.३ टक्के लोकांत काही ना काही वेगळेपण होतं आणि त्यातलं बहुतेक निरुपद्रवी होतं. डाव्या कोरोनरीचे दोन फाटे वेगवेगळ्या तोंडांनी निघणं, किंवा मागे वळणारा फाटा उजव्या बाजूने निघून महाधमनीच्या पाठीमागून जाणं, ही त्यातली नेहमीची उदाहरणं. पाठीमागून किंवा फुप्फुसधमनीच्या पुढून गेलेली वाट सहसा त्रास देत नाही. म्हणून रिपोर्टमध्ये "अनॉमलस ओरिजिन" (वेगळ्या जागेहून उगम) हे दोन शब्द दिसले की तिथेच धीर सोडू नका. पुढची ओळ वाचा. वाट कुठून गेली आहे हे त्या ओळीत असतं, आणि नसेल तर तो रिपोर्ट अर्धवट आहे.

नॉर्मल ईसीजीकडे वळू, कारण घोळ इथेच होतो. विश्रांतीतला ईसीजी हा विश्रांतीतल्या हृदयाचा फोटो आहे. पुरवठा फक्त श्रमाच्या टोकाला कमी पडत असेल तर तो खाटेवर दिसणार कसा? २००० साली इटली आणि अमेरिकेतल्या नोंदींवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चुकीच्या कप्प्यातून कोरोनरी निघालेल्या २७ तरुण खेळाडूंच्या अचानक मृत्यूंचा तो अभ्यास. २३ जणांत डावी चुकलेली होती, ४ जणांत उजवी. सगळे मृत्यू जोराच्या श्रमात किंवा लगेच नंतर झाले. त्यांतल्या काहींना आधी छातीत दुखलं होतं किंवा चक्कर येऊन ते पडले होते. आणि ज्यांचे ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट (चालत्या पट्ट्यावर पळवत काढलेला ईसीजी) आधी झाल्या होत्या, त्यांच्या त्या नॉर्मल होत्या. स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली म्हणून "काही नाही, खेळ तू" असं सांगणाऱ्याने हा एक आकडा लक्षात ठेवावा, एवढी कळकळीची विनंती.

बरं, इतकी वर्षं खेळतोय, काही झालं नाही, हाही पुरावा नव्हे. अमेरिकेचा नामांकित बास्केटबॉलपटू पीट मॅराविच दहा हंगाम व्यावसायिक खेळला. ५ जानेवारी १९८८ रोजी सहज म्हणून खेळलेल्या सामन्यात तो कोसळला आणि गेला, तेव्हा वय ४०. शवविच्छेदनात कळलं की त्याला जन्मतःच डावी कोरोनरी नव्हती.

मग तपासायचं कसं? पहिली पायरी एकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची. महाधमनीच्या झडपेच्या पातळीवर आडवा छेद घेतला की तीन कप्पे फुलाच्या तीन पाकळ्यांसारखे दिसतात आणि त्याच चित्रात, प्रोब थोडा कलता करून, दोन्ही कोरोनरींची तोंडं शोधता येतात. मुलांत आणि सडपातळ तरुणांत हे बहुधा जमतं, जाड छातीच्या माणसात अवघड जातं. कलर डॉपलरचा वेग कमी लावला तर रक्त कोणत्या दिशेला वाहतंय हेही कळतं. घोळ असा, की नेहमीच्या एकोमध्ये पंपिंग किती टक्के आणि झडपा कशा एवढंच पाहिलं जातं. ६० टक्के पंपिंग, झडपा ठीक, रिपोर्ट हातात. म्हणून चिठ्ठीवरच डॉक्टरांकडून लिहून घ्या: श्रमात छातीत दुखतं, दोन्ही कोरोनरींचा उगम पाहावा. रिपोर्टमध्ये त्याबद्दल एक वाक्य यायला हवं. "दिसला नाही" असं प्रामाणिक वाक्य आलं तरी ते उपयोगाचं असतं, कारण मग पुढची तपासणी करायला कारण मिळतं. काहीच न लिहिलेला रिपोर्ट मात्र खोटा दिलासा देतो.

स्ट्रेस टेस्ट करायचीच असेल तर ती अर्ध्यावर सोडू नये. २२० वजा वय या हिशेबाच्या ८५ टक्के नाडी झाली की पट्टा थांबवायची सवय असते. वीस वर्षांच्या मुलात ते १७० होतं, आणि कबड्डीच्या चढाईत तो त्याच्या पुढे जातो. या आजारात टेस्ट दम संपेपर्यंत किंवा त्रास होईपर्यंत न्यावी लागते, शेजारी डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला शॉक देणारं यंत्र, आणि डॉक्टर ठेवून. टेस्टमध्ये बदल दिसले तर मोठा पुरावा. न दिसले तर संशय तसाच राहतो.

निकाल लागतो तो सीटी कोरोनरी अँजिओग्राफीने. कोकणातून यासाठी लोक सहसा फोंडा किंवा आंबा घाट ओलांडून कोल्हापूर, दक्षिणेकडचे बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज, उत्तरेकडचे मुंबई गाठतात. जायच्या आधी त्या केंद्राला फोन करून दोन गोष्टी विचारा. मशीन ६४ स्लाइस किंवा वरचं आहे का, आणि हृदयाच्या ठोक्याशी जुळवून स्कॅन होतो का. फक्त कॅल्शियम स्कोअर करून येऊ नका. त्यात डाय देत नाहीत, त्यामुळे वाट दिसत नाही. आदल्या रात्रीच मुक्कामाला पोचलेलं बरं. पहाटे चारला मालवणहून निघून, घाटात उलट्या करत, धावत-पळत पोचलेल्या माणसाची नाडी ९५ असते आणि चित्रं हलतात. स्कॅनसाठी नाडी ६० ते ६५ च्या खाली हवी. त्यासाठी बहुधा तासभर आधी मेटोप्रोलॉलची गोळी देतात. दमा असेल तर ते आधीच सांगा, कारण ही गोळी दम्याला चालत नाही. चहा-कॉफी बारा तास बंद, खाणं चार तास बंद, पाणी मात्र प्यायचं. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्त तपासणीचा, रिपोर्ट सोबत हवा. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल किंवा पूर्वी कधी डायची ॲलर्जी झाली असेल तर सांगायचं. हातात जाड सुई लावून साधारण ६० ते ८० मिलिलिटर डाय वेगाने सोडतात. अंगभर गरम लाट येते, लघवी झाल्यासारखं वाटतं, ते अपेक्षितच आहे. दहा सेकंद श्वास रोखायचा असतो. घरून निघायच्या आधी दोन दिवस मुलाकडून त्याची तालीम करून घ्या, कारण त्या दहा सेकंदांत हललं की सगळी खटपट फुकट जाते.

रिपोर्टमध्ये काय-काय असावं हे माहीत असलं की प्रश्न विचारता येतात. कोणती धमनी कोणत्या कप्प्यातून निघते, तोंड गोल आहे की चिरेसारखं, कोन किती तिरका, भिंतीतला तुकडा किती मिलिमीटर, वाट दोन मोठ्या धमन्यांच्या मधून की पुढून की मागून. आणि फिल्मवर समाधान मानू नका, सीडी मागून घ्या. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर त्यावरूनच स्वतः सगळ्या बाजूंनी फिरवून बघतो. फिल्मवर ते होत नाही.

धावताना कोसळलेला तरुण दवाखान्यात आणला तर ट्रोपोनिन नावाची रक्त तपासणी लगेच आणि काही तासांनी पुन्हा करायला हवी. हृदयाच्या स्नायूला इजा झाली असेल तर रक्तातलं ट्रोपोनिन वाढतं. अठरा वर्षांच्या मुलात ट्रोपोनिन वाढलेलं असताना त्याला ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी देऊन घरी पाठवणं म्हणजे धमनीची वाट न तपासताच दार लावून घेणं. गोळ्यांनी चुकलेलं तोंड जागेवर येत नाही.

गोळ्यांवरून सॉर्बिट्रेट आठवते. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची ही गोळी घरोघरी असते, शेजारी एकमेकांना देतातही. जन्मजात ठेवणीचा आणखी एक प्रकार आहे ज्यात ती त्रास वाढवू शकते. कोरोनरी सहसा स्नायूच्या पृष्ठभागावरून जाते. काही लोकांत पुढच्या फाट्याचा मधला तुकडा स्नायूत बुडी मारतो आणि पुढे वर येतो. याला मायोकार्डियल ब्रिज म्हणतात. सीटीवर साधारण पाचांतल्या एका माणसात असा पूल दिसतो, म्हणजे तो अजिबात दुर्मीळ नाही, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. स्नायू आकुंचन पावला की हा तुकडा दाबला जातो, पण मुख्य पुरवठा सैल पडताना होत असल्याने निभावून जातं. पूल खोल आणि लांब असेल तर दाबलेली नळी पुन्हा उघडायला उशीर होतो, वेगवान नाडीत तो उशीर परवडत नाही आणि छातीत कळ येते. सॉर्बिट्रेटने रक्तदाब उतरतो, नाडी वाढते, हृदय जोरात आवळतं आणि पूल आणखी घट्ट दाबतो. अँजिओग्राफीत दिसत नसलेला पूल उघडा पाडायला डॉक्टर मुद्दाम नायट्रोग्लिसरीन देतात, त्यामागचं कारण हेच. म्हणून सॉर्बिट्रेटने कळ कमी होण्याऐवजी वाढली, तर ती गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. तिच्यातून निदानाची दिशा मिळते. ज्यांना ही गोळी ब्लॉकेजसाठी लिहून दिली आहे त्यांनी मात्र हे वाचून ती बंद करायची नाही. दुसऱ्याची गोळी आपल्या पोराच्या जिभेखाली ठेवायची नाही, एवढंच.

पुलाच्या दुखण्यावर नाडी आवरणारी औषधं चालतात: बीटा ब्लॉकर, किंवा ती चालत नसतील तर व्हेरापामिल, डिल्टियाझेम. पाणी भरपूर प्यायचं, वैशाखाच्या घामात तर जास्तच. यात स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी, घालायची घाई नको. स्नायूच्या सततच्या दाबाखाली तो मोडू शकतो, आत पुन्हा अडथळा होऊ शकतो, घालताना धमनी फाटण्याची भीतीही असते. बीटा ब्लॉकर मनाने एकदम बंद करू नका, नाडी उसळते.

चुकीच्या कप्प्यातून निघालेल्या धमनीचा उपाय वेगळा. त्रास होत असेल, किंवा तपासणीत स्नायूला रक्त कमी पडल्याचं दिसत असेल, तर शस्त्रक्रिया, याबद्दल आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना एकमताने बोलतात. डावी कोरोनरी उजव्या कप्प्यातून निघून दोन धमन्यांच्या मधून जात असेल तर त्रास नसलेल्या तरुणातही शस्त्रक्रियेचा गांभीर्याने विचार करतात. उजवी डावीकडून निघाली आहे, त्रास नाही, पूर्ण दमाची टेस्ट स्वच्छ आहे, अशा माणसावर लक्ष ठेवणं पुरतं. शस्त्रक्रियेत बहुतेकदा धमनीचा भिंतीतला तुकडा आतून उघडतात. पाटावरची फळी काढावी तसं छत काढलं जातं आणि तोंड योग्य कप्प्यात, रुंद होऊन येतं. कधी त्या तुकड्याच्या डोक्यावरच झडपेच्या पडद्यांचा सांधा असतो. तो सैल पडला तर झडप गळू लागते, म्हणून अशा ठिकाणी सर्जन छत न काढता पलीकडे नवं तोंड पाडतात किंवा धमनी कापून योग्य जागी पुन्हा शिवतात.

बायपास इथे चांगला पर्याय नाही, हे अनेकांना पटत नाही. कारण असं की विश्रांतीत मूळ धमनीतून रक्त छान वाहत असतं. जोडलेल्या नव्या वाहिनीला वाहायला काम उरत नाही आणि ती हळूहळू बंद पडते. गरज फक्त श्रमात, आणि तोपर्यंत पर्यायी वाट मिटलेली. शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन महिने मैदान बंद. मग पुन्हा पूर्ण दमाची टेस्ट, तोंड कसं दिसतंय याचा एको किंवा सीटी, आणि ते स्वच्छ असेल तरच खेळ. निदान झाल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंतच्या काळात पालखी नाही, रापण नाही, पोहण्याची शर्यत नाही. चालणं चालतं.

खर्चाचा प्रश्न येतोच. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळा-अंगणवाड्यांत येतात आणि जन्मजात हृदयविकार त्यांच्या यादीत आहे. पथक आल्यावर "धावताना छातीत दुखतं" हे शिक्षकांनी किंवा मुलाने तोंडाने सांगायला हवं, कारण या आजारात स्टेथोस्कोपला बहुधा काहीच ऐकू येत नाही. मोठ्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून, रेशनकार्ड आणि आधार घेऊन, नेमकी कोणती शस्त्रक्रिया बसते ते दाखल होण्याआधी विचारून घ्यावं.

तान्ह्या बाळांचा एक प्रकार मात्र याहून निराळा आहे आणि त्यात दिवस मोजावे लागतात. साधारण तीन लाख जन्मांत एका बाळाची डावी कोरोनरी महाधमनीऐवजी फुप्फुसधमनीतून निघते. जन्मताना फुप्फुसांतला दाब जास्त असतो, त्यामुळे तिच्यात रक्त शिरतं आणि बाळ चांगलं दिसतं. पुढच्या काही आठवड्यांत तो दाब उतरतो, तसं डाव्या कोरोनरीतलं रक्त उलटं फुप्फुसधमनीकडे पळू लागतं आणि हृदयाचा स्नायू उपाशी राहतो. बाळाला सांगता येत नाही, पण ते अंगावर पिताना मध्येच थांबतं, कळवळून रडतं, पांढरं पडतं, कपाळाला घाम फुटतो. आपल्या दमट हवेत घाम कुणालाही येतो, म्हणून पंख्याखाली, गार वेळीही, फक्त पितानाच येणाऱ्या घामाकडे लक्ष द्यायचं. त्यात वजन वाढेनासं होतं. निरोगी बाळाचं पहिल्या महिन्यांत दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढतं. श्वास मिनिटाला ६० च्या वर जातो. आजी दृष्ट काढते, दवाखान्यात कधी न्यूमोनिया म्हणतात, कधी एको करून "हृदयाचा स्नायू कमजोर" असं लिहितात.

तिथे थांबायचं नाही. कमजोर, फुगलेल्या हृदयाच्या प्रत्येक तान्ह्या बाळात डाव्या कोरोनरीचं तोंड शोधलंच पाहिजे, कारण स्नायूच्या बाकीच्या अनेक आजारांत औषधांवरच भागवावं लागतं, इथे मात्र शस्त्रक्रियेने हृदय सावरतं. ईसीजीत पहिल्या लीडमध्ये आणि एव्हीएलमध्ये (हृदयाची डावी बाजू दाखवणाऱ्या दोन ओळी) खोल क्यू लाटा दिसल्या तर संशय पक्का. एकोत उजवी कोरोनरी वाजवीपेक्षा जाड, डावीत उलटा प्रवाह, डाव्या झडपेतून गळती, हे त्याचे पुरावे. उपचार न मिळालेल्या दहांतली सुमारे नऊ बाळं वर्षाच्या आत दगावतात. डावी कोरोनरी काढून महाधमनीला शिवली तर मरगळलेला स्नायू पुढच्या महिन्यांत बराचसा पुन्हा कामाला लागतो. थोड्या बाळांत उजवीकडून येणाऱ्या फांद्या पुरवठा सांभाळतात आणि ती मोठी होतात. मग तिशी-चाळिशीत छातीत दुखणं किंवा दम लागणं या वाटेने तोच आजार समोर येतो.

कोरोनरीतून हृदयाच्या कप्प्यात किंवा फुप्फुसधमनीत थेट उघडणारी गळती, म्हणजे फिस्टुला, हाही जन्मजात प्रकार आहे. लहान असेल तर सोडून देतात. मोठी असेल तर स्टेथोस्कोपला अखंड घरघर ऐकू येते, स्नायूचं रक्त पळवलं जातं, आणि ती कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून नेलेल्या बारीक नळीने, तारेचं वेटोळं (कॉइल) घालून किंवा शस्त्रक्रियेने बंद करतात.

आता मैदानाबद्दल, कारण निदान होण्याआधीच कोसळणारा मुलगा आपल्यासमोर असू शकतो. खेळता-खेळता पडला, हाक मारून उठत नाही, श्वास नाही किंवा माशासारखे तुटक आचके देतोय, तर हृदय थांबलं असं धरा. पहिल्या काही सेकंदांत हातपाय झटके देऊ शकतात. लोक फीट समजून कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात, तोंडात चमचा घालतात, आणि मोलाची मिनिटं जातात. एकाने १०८ ला फोन करायचा, दुसऱ्याने ताबडतोब छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून दाबायला सुरुवात करायची. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. लहान मुलात छातीच्या जाडीच्या एक-तृतीयांश खोल. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, कारण दमलेल्या हाताचा दाब उथळ होतो आणि दाबणाऱ्याला ते कळत नाही. तोंडाने श्वास द्यायचं शिकलेलं नसेल तरी दाब थांबवायचा नाही. शॉक देणारं मशीन, एईडी, जवळ असेल तर ते आणताच लावा, ते स्वतःच काय करायचं ते बोलून सांगतं. जिल्हा पातळीवरच्या कबड्डी आणि धावण्याच्या स्पर्धा भरवणाऱ्यांनी रुग्णवाहिकेबरोबर एईडी आहे का, हे स्पर्धेच्या परवानगीच्या वेळीच विचारावं.

असा मुलगा वाचला, तर कोरोनरींचा उगम दिसल्याशिवाय त्याला घरी सोडू नये. नाही वाचला, तर शवविच्छेदन टाळू नका, आणि डॉक्टरांना एवढं नक्की सांगा की हृदय कापण्याआधी महाधमनीच्या कप्प्यांतली दोन्ही कोरोनरींची तोंडं उघडून बघावीत. त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही, बारीक सळई लागते. ती नोंद कागदावर आली की भावंडांचा एको कशासाठी करायचा, ते घरच्यांना कळतं.